प्लॅस्टिकच्या जुन्या पादत्राणांचे वय

चामड्याचा जोडा धन्याच्या चालीप्रमाणे झिजतो व दुमडतो. त्याच्या सुरकुत्यांवरून जाणता चांभार त्याच्या वयाचा थोडाफार अंदाज बांधू शकतो. प्लॅस्टिकचा जोडा साच्यातून एकसंध बाहेर पडतो, आणि पाच वर्षांचा व पन्नास वर्षांचा असे दोन जोडे सकृद्दर्शनी सारखेच भासतात. साहजिकच अशा वस्तूंच्या बाजारात 'जुने' हा शब्द फार सैल वापरला जातो आणि त्याची किंमत हौशी ग्राहकास मोजावी लागते.

पुष्कळांचा भरवसा आकारावर असतो. तो फसवा होय. फ्रान्समधील प्वी-द-दोम या भागात १९४६ साली, युद्धोत्तर चामड्याच्या टंचाईच्या काळात, ज्याँ दोफाँ याने जाळीदार पट्ट्यांची प्लॅस्टिकची सँडल तयार केली. पुढे ती समुद्रकाठच्या खडकांवर वावरणाऱ्या मुलांच्या पायी रुळली व 'मेद्यूज', म्हणजे जेलीफिश, या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या घडणीच्या सँडली आजही निघतात! ब्राझीलच्या ग्रेंडीन कंपनीने १९७९ मध्ये मेलिसा या नावाने अशीच जाळीदार सँडल काढली. तिच्याही नव्या आवृत्त्या पुढे निघाल्या. तेव्हा आकारावरून एवढेच ठरते की, वस्तू अमुक सालापूर्वीची नव्हे. ती किती अलीकडची, हे आकार सांगत नाही.

त्यासाठी जोडा उलटा करून तळ पाहावा. तेथे 'पश्चिम जर्मनी' असे देशनाम असेल, तर घडण साधारणतः १९९० च्या जर्मन एकीकरणापूर्वीची समजावी. बाणांच्या त्रिकोणात ३ हा आकडा असेल, तर ती खूण १९८८ नंतरची; कारण पॉलिव्हिनिल क्लोराइडसाठी हा आकडा त्या वर्षी ठरला. जोड्याचे चित्र व त्याशेजारी चौकट, जाळी किंवा चामड्याची आकृती असेल, तर ती युरोपच्या १९९४ मधील नियमास अनुसरून आहे. क्वचित एक लहानशी तबकडीही आढळते: भोवती बारा महिन्यांचे आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक व एक बाण. हा साच्यातच बसविलेला तारखेचा ठसा होय. खूण नसणे हा मात्र कशाचाच पुरावा नव्हे.

जोडा चिकट झाला, पिवळा पडला, म्हणजे तो फार जुना, हीही समजूत टाकून द्यावयास हवी. हे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे एक द्रव्य मिसळतात. तेच कालांतराने पृष्ठभागावर झिरपते. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेला जोडा थोड्या वर्षांत चिकटतो. थंड, अंधाऱ्या कपाटातला दीर्घकाळ स्वच्छ राहतो. शिवाय दुकानात न खपता पडून राहिलेला माल कधीकधी कोराच बाहेर येतो, आणि त्यास नवा समजून कोणी अगदी कवडीमोलाने विकूनही टाकतो. मुंबईसारख्या शहरी पावसाळ्यापुरत्या घेतलेल्या सँडली कोण जपून ठेवतो? म्हणूनच स्वस्त जोड्यांचे जुने नमुने दुर्मिळ.

जपावयाचा असल्यास असा जोडा वर्तमानपत्रात गुंडाळू नये. कागद ते तेलकट द्रव्य शोषून घेतो, आणि जोडा ताठर होऊन तडकतो.