पंचवीस हजारांचा बैल

ऑगस्ट 2022 मध्ये गाईबैलांचा लंपी रोग जळगावकडून राज्यात शिरला आणि सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले. ऐन हंगामात बैलबाजार बंद म्हणजे यवतमाळात नेमकं काय, हे आदेश वाचून कळेना. म्हणून आर्णीकडच्या एका गावात लसीकरण बघायला गेलो.

पशुधन पर्यवेक्षक पोरगेलाच. बर्फाच्या डब्यात शेळ्यांच्या देवीची लस. तीच गाईबैलांना, कातडीखाली 1 मिली. दर जनावराला सुई नवी. टोचायचं, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाइलमध्ये भरायचा, पुढचा गोठा.

एका बैलापाशी मात्र तो टोचायला थांबला नाही. आजारी जनावराला लस देत नाहीत. मानेवर सुपारीएवढ्या गाठी, त्यातली एक फुटलेली, पुढचे पाय सुजून खांबासारखे. कडुलिंबाचा धूर केला होता, तरी पिकलेल्या जखमेचा वास त्याखालून येतच होता. बैलाचा म्हातारा मालक जखमेत हळद-तेल भरत होता आणि बैल पाय आपटत नव्हता, हेच मला बघवेना.

"मेला तं पंचवीस हजार भेटते म्हणते," म्हातारा म्हणाला. सरकारी भरपाई तेव्हा अशी होती: गाईचे तीस, बैलाचे पंचवीस, वासराचे सोळा. "पण जोडीतला दुसरा एकटा डवरा वढते का? अन् पंचवीस हजारात बैल देते कोन? बजार तं बंद."

बाजारबंदीचा नियम चुकीचा नाही. लंपी माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो. पण माशीला जे अंतर कापायला आठवडे लागतील ते व्यापाऱ्याचा ट्रक एका रात्रीत कापतो, आणि आत रोग मुरत असलेला बैल तोवर धडधाकट दिसतो. डुकरांच्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर तर आपल्याकडे लसही नाही. तिथे रोग सापडला की 1 किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात. त्यापुढे बाजार बंद ठेवणं सौम्यच म्हणायचं. फक्त त्याची किंमत मोजतो तो एकाच जोडीचा शेतकरी.

म्हाताऱ्याचा एक गोऱ्हा होता, ठणठणीत. कपाशीच्या फवारणीच्या खर्चासाठी तो विकायचा होता. बाजार नाही म्हटल्यावर व्यापारी घरीच येऊन गेला. भाव निम्मा सांगितला आणि रात्री नेतो म्हणाला.

पर्यवेक्षकानं मोबाइलमधून मान वर केली. "काका, नेऊ देऊ नका हं. गुन्हा दाखल होते."

"मंग तू घे," म्हातारा म्हणाला.