ओ देण्याची रीत

प्राध्यापकाला काम ते किती असते, हा विषय आमच्या सोसायटीत दर रविवारी निघतो आणि त्याचा निकालही माझ्यादेखतच लागतो. "तुमचं काय बुवा! दिवसाला दोन-तीन तास बोलायचं आणि घरी यायचं!" असे म्हणणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे ४० तास काम आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास सांगितले आहेत, हे मी एकदा त्यांना समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे २४ तास मोकळेच की!" बँकेतला माणूस, वजाबाकी चोख होती.

त्या २४ तासांत काय चालते, हे आमच्या घरातली माणसे जाणतात. तुम्ही हा अंक उघडून चकलीचा तुकडा मोडत असाल, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात फराळाच्या ताटाशेजारी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. सत्रपद्धतीत परीक्षा आणि दिवाळी यांचा मुहूर्त बहुधा जवळजवळच निघतो. एका वर्षी एका उत्तरपत्रिकेवर करंजीचे तूप सांडले. त्या विद्यार्थ्याला मी अर्धा गुण जास्तच दिला असेन, असा मला आजही संशय आहे.

त्यातून मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे कोणी घरचा साबण तपासायला आणीत नाही. माझ्याकडे मात्र लग्नपत्रिका येतात. 'आमचे येथे' बरोबर की 'आमच्या येथे', 'निमंत्रण' की 'आमंत्रण', असले वाद मी जेवण बाजूला ठेवून मिटवतो. पत्रिका छापून येते ती निर्दोष. पाकिटावर मात्र माझेच आडनाव चुकलेले असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा चारही मजल्यांवरच्या मंडळींनी येऊन माझे अभिनंदन केले. जणू माझ्याच मुलीचे लग्न ठरले होते! पेढेही अर्थात मलाच आणावे लागले.

हे सारे मी हसत सोसतो. पण एका गोष्टीने माझे डोके खरोखरच फिरत असे. ती म्हणजे विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनीवरचे निरोप. रात्री पावणेदहाला यंत्र वाजते. उघडून पाहावे तर एकच शब्द : 'सर'. पुढे ना नाव, ना गाव, ना काम. आपण वाट पाहावी, तर पुढे काहीच नाही. सकाळी पुन्हा 'सर'. ज्याने आयुष्यभर पत्रलेखन शिकवले, मायना, विषय, मजकूर आणि 'आपला नम्र' यांसाठी वेगवेगळे गुण ठेवले, त्याच्या नशिबी हे पत्र!

गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या अर्जांच्या दिवसांत एका अनोळखी क्रमांकावरून असे दोन 'सर' ओळीने आले. मी उत्तर दिले नाही. उलट तिसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाच्या तासाला धडा बाजूला ठेवला आणि निरोप लिहिण्याच्या शिष्टाचारावर अर्धा तास बोललो. "दारात येऊन नुसतंच 'सर, सर' ओरडणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?" असा प्रश्न मी टाकला. वर्ग खळखळून हसला. माझे व्याख्यान इतके रंगल्याचे मला अलीकडे आठवत नव्हते.

तासानंतर आमच्या खोलीत चहा घेत तोच किस्सा मी सहकाऱ्यांना सांगत होतो. शिपाईमामा आत आले आणि हळूच म्हणाले, "सर, एक मुलगी मघापासून बाहेर उभी आहे. आत जा म्हटलं तर जात नाही."

भोरकडून रोज एस.टी.ने येणारी, तिसऱ्या बाकावर बसणारी ती मुलगी होती. वडील आजारी होते, ती आठवडाभर गावाकडेच अडकली होती. परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला होता, शुल्काचे पैसे पुरते जमले नव्हते, आणि अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. कार्यालयात चार-पाच दिवस थांबतील का, एवढेच तिला विचारायचे होते. ते दोन्ही 'सर' तिचे होते.

मी वरमलो. पण शिक्षकाची जित्याची खोड! म्हणालो, "अगं, मग नुसतं 'सर' लिहून गप्प का बसलीस? काम लिहायचं ना!"

ती खाली पाहत म्हणाली, "सर, तुम्ही ओ दिली नाही. आमच्याकडं दारातनं हाक मारायची, आतनं कुणी ओ दिली की मग बोलायचं. रात्रीच्या वेळी तुमच्या घरात एकदम पैशाचं कसं सांगायचं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. जिला मी असभ्य ठरवून वर्गभर हसवले, ती माझ्या दाराशी रीतीने उभी होती. हाक मारून, परवानगीची वाट पाहत. रीत मोडली होती ती मी. हाकेला ओ न देणे हे आमच्या आजीच्या घरात सर्वांत वाईट लक्षण समजले जाई. मी मात्र त्याला शिस्त समजत होतो.

मी तिच्याबरोबर कार्यालयात गेलो. विलंबशुल्कासह अर्ज घेतला गेला, वर्ष वाचले. कमी पडलेली रक्कम मी भरली. दहाव्या दिवशी ती पाकिटातून परत आली. पाकिटावर माझे नाव शुद्ध होते. आत चिठ्ठी होती : मायना, मजकूर, 'आपली नम्र', सारे जागच्या जागी. मी तिला पत्रलेखन शिकवायची काही गरज नव्हती.

पुढच्या तासाला वर्गापुढे मी माझे अर्ध्या तासाचे व्याख्यान मागे घेतले. तिचे नाव घेतले नाही. फक्त चूक माझी होती, एवढेच सांगितले. वर्ग त्या दिवशी हसला नाही.

तेव्हापासून मी नियम केला आहे : 'सर' आले की आधी 'बोल' म्हणायचे. नाव-गाव मागाहून विचारता येते. हा लेख लिहायला बसलो होतो, तोच यंत्र वाजले. अनोळखी क्रमांक, एकच शब्द : 'सर'. मी लेखणी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि मनापासून ओ दिली : 'बोल बाळ, काय अडचण आहे?'

क्षणभराने उत्तर आले : 'सर, उद्या सुट्टी आहे का?'