विश्लेषण : मासे शोधणारे जहाज समुद्राचे पाणी का मोजते? यवतमाळच्या पावसाशी त्याचा संबंध काय?

यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. अरबी समुद्र असो वा बंगालचा उपसागर, दोन्ही येथून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. तरीही जिल्ह्यातील कापूस, सोयाबीन आणि तुरीचे गणित या दोन समुद्रांवर अवलंबून असते. २०२३ चा खरीप हे त्याचे बोलके उदाहरण. त्या वर्षी जुलैच्या उत्तरार्धात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा येथे पुरात अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. लगेच आलेला ऑगस्ट मात्र देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अतिवृष्टी आणि ओढ यांचा हा खेळ समजून घ्यायचा, तर समुद्राच्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते. हे पाणी मोजणाऱ्या जहाजांत माशांच्या संशोधनासाठी निघणारी जहाजेही आहेत. ही मापे कशी घेतली जातात आणि ती कशासाठी लागतात, याचा हा आढावा.

मत्स्य संशोधन जहाजे कोणती?

या कामासाठीचे देशातील महत्त्वाचे जहाज म्हणजे ‘सागर संपदा’. डेन्मार्कमध्ये बांधलेले हे जहाज १९८४ मध्ये भारताच्या सेवेत आले. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कोची येथील केंद्रामार्फत ते चालवले जाते. मत्स्य संशोधन आणि समुद्रविज्ञान ही दोन्ही कामे एकाच जहाजावर व्हावीत, हाच त्याच्या बांधणीमागचा उद्देश होता. याशिवाय मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’ या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘मत्स्य वृष्टी’, ‘मत्स्य निरीक्षणी’ यांसारखी सर्वेक्षण जहाजे आहेत. व्यापारी ट्रॉलर जिथे मासळी मिळेल तिथे जातो. संशोधन जहाज मात्र आधी ठरवलेल्या ठिकाणीच थांबते, मग तिथे मासे असोत वा नसोत. दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजमाप झाले, तरच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते.

मासे मोजायचे, तर पाणी कशाला मोजायचे?

जाळ्यात किती मासळी आली हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. एखाद्या ठिकाणी गेल्या वर्षी भरपूर कोळंबी मिळाली आणि यंदा जाळे रिकामे आले, तर तिचा साठा संपला की ती दुसरीकडे सरकली? पहिल्या शक्यतेत मासेमारीवर निर्बंध आणावे लागतील, दुसऱ्या शक्यतेत त्याची गरज नसेल. याचे उत्तर पाण्याच्या मापांतून मिळते. बांगडा, तारली यांसारखे मासे तापमान आणि अन्न यांच्या मागे फिरतात, तर तळाशी राहणाऱ्या जीवांना तिथल्या पाण्यात पुरेसा ऑक्सिजन लागतो.

अरबी समुद्रात हा प्रश्न विशेष गंभीर आहे. या समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे पाणी वर येते आणि कमी ऑक्सिजनचे पाणी उथळ भागात पसरते. ऑक्सिजनचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे तिथे टिकू शकत नाहीत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पश्चिम किनाऱ्यावरील या स्थितीची तीव्रता मांडली होती.

यवतमाळच्या मच्छीमारांना ही गोष्ट नवी नाही. बेंबळा, अरुणावतीसारखे जलाशय असोत वा गावतलाव, सलग ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले, की पाण्यातला ऑक्सिजन घटला हे ओळखले जाते. तलावात हे एका रात्रीत घडते आणि डोळ्यांना दिसते. समुद्रात ते शेकडो किलोमीटरवर आणि खोल पाण्यात घडते, म्हणून तिथे उपकरण लागते.

हे पाणी नेमके मोजतात कसे?

त्यासाठीचे मुख्य उपकरण म्हणजे ‘सीटीडी’. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली ही तीन मापे ते घेते. जहाज ठरलेल्या ठिकाणी थांबले, की पोलादी तारेने ते पाण्यात सोडले जाते. ते सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने खाली जाते आणि अनेक उपकरणांत याच एका सेकंदात २४ नोंदी होतात. खोली थेट मोजली जात नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब जवळपास एक वातावरणाने वाढतो आणि त्यावरून खोली काढली जाते. क्षारतेचेही तसेच. पाण्यात मीठ जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते. ही वाहकता, तापमान आणि दाब यांवरून मिठाचे प्रमाण कळते. खुल्या समुद्रात ते सरासरी किलोमागे ३५ ग्रॅम असते.

या उपकरणाभोवती गोलाकार चौकटीत बाटल्या बसवलेल्या असतात. त्या दोन्ही तोंडे उघडी ठेवून खाली जातात. वर येताना हव्या त्या खोलीवर जहाजातून संदेश दिला, की बाटली बंद होते आणि त्याच थराचे पाणी घेऊन वर येते. डेकवर आल्यावर पहिला नमुना ऑक्सिजनसाठी काढतात, कारण हवा लागताच हे माप बिघडते. त्यासाठी वापरली जाणारी विंकलर पद्धत १८८८ पासूनची आहे. मग क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, हरितद्रव्य यांसाठी नमुने घेतले जातात. प्रयोगशाळेतील आकडा आणि सीटीडीचा आकडा ताडून पाहिला जातो. हजार मीटरची अशी एक फेरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेते आणि एका सफरीत अशा अनेक फेऱ्या होतात.

समुद्रातील मिठाचा विदर्भाच्या पावसाशी काय संबंध?

विदर्भातील पावसाचा मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मिळतो. ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगडमार्गे विदर्भ आणि मध्य प्रदेशाकडे सरकतात. ती उपसागरातच वारंवार का तयार होतात, याचे एक कारण पाण्याच्या क्षारतेत आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्यांचे गोडे पाणी आणि भरपूर पाऊस यांमुळे उपसागराच्या उत्तर भागात वरचा थर कमी खारा, म्हणून हलका असतो. पावसाळ्याच्या अखेरीस तिथली क्षारता ३० च्याही खाली जाते. अरबी समुद्रात ती ३६ च्या आसपास असते. हा हलका थर खालच्या जड पाण्यावर झाकणासारखा बसतो. वाऱ्याने पाणी घुसळले, तरी खालचे थंड पाणी सहजी वर येत नाही. त्यामुळे उपसागराचा पृष्ठभाग पावसाळ्यातही २८ अंश सेल्सिअसच्या वर राहतो, आणि मोठे ढग उभे राहण्यासाठी साधारण एवढीच ऊब लागते. अरबी समुद्रात मात्र पावसाळ्यातील जोरदार वारे पाणी घुसळून पृष्ठभाग थंड करतात. दोन समुद्रांतील हा फरक राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उष्णतेचा हिशेब मांडून दाखवला. असा हिशेब जहाजांनी वर्षानुवर्षे गोळा केलेल्या नोंदींशिवाय करता येत नाही.

भर पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात मोजमाप करणे कठीण असते. तरीही १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘बॉबमेक्स’ मोहिमेत ‘सागर कन्या’ आणि नौदलाचे ‘सागरध्वनी’ या जहाजांनी उपसागरात राहून समुद्र आणि हवा यांच्या नोंदी घेतल्या.

जहाजावरील मापे पावसाच्या अंदाजापर्यंत कशी पोहोचतात?

जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असते. म्हणून आता रोजच्या नोंदींचा मोठा भार ‘आर्गो’ तरंगकांवर आहे. जगातील महासागरांत असे सुमारे ४,००० तरंगक आहेत. ते साधारण दहा दिवसांनी एकदा २,००० मीटरपर्यंत खाली जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहामार्फत नोंदी पाठवतात. भारतात ही माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रात एकत्र होते. मात्र समुद्रात वर्षानुवर्षे राहिलेल्या तरंगकाचे क्षारतेचे माप हळूहळू चुकू लागते. ते तपासायला जहाजावरून काळजीपूर्वक घेतलेल्या सीटीडी नोंदीच लागतात. दुकानातील वजने जशी प्रमाणित वजनाशी ताडून पाहावी लागतात, तसेच हे आहे.

या नोंदी समुद्र आणि वातावरण यांचा एकत्रित विचार करणाऱ्या संगणकीय प्रारूपांत जातात. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय हवामान विभाग अशी प्रारूपे वापरतात. समुद्राकडे लक्ष देण्याची गरज १९९७ ने ठळक केली. त्या वर्षी प्रशांत महासागरात अतिशय तीव्र एल निनो होता, पण देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या वेळी हिंद महासागराचा पश्चिम भाग उबदार आणि पूर्व भाग थंड होता. या स्थितीला पुढे ‘इंडियन ओशन डायपोल’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञांत बी. एन. गोस्वामी आणि पी. एन. विनयचंद्रन हे भारतीय होते.

मग शेतकऱ्याने यावर किती विसंबावे?

एप्रिलमध्ये जाहीर होणारा पहिला अंदाज संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो. २०२३ साठी तो ९६ टक्के होता आणि प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस झाला. म्हणजे देशासाठी अंदाज जवळपास बरोबर ठरला. पण त्या दोन आकड्यांत महागावचा पूर दिसत नाही आणि कोरडा ऑगस्टही दिसत नाही. समुद्राची मापे हंगामाचा कल सांगतात, कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात पाऊस पडेल हे नाही.

म्हणून पेरणीचा निर्णय हंगामी टक्केवारीवर घेणे धोक्याचे ठरते. आपल्या भागात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला त्यासाठीच असतो. पहिल्या सरीवर पेरून पुढे खंड पडला, तर दुबार पेरणीचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी बसतो. हंगामाच्या अंदाजाचा उपयोग त्याआधीच्या निर्णयांसाठी आहे. कमी पावसाची शक्यता असेल तर कमी मुदतीचे वाण निवडणे, कपाशीत तुरीचे आंतरपीक घेणे किंवा जलाशयातील पाण्याचे नियोजन लवकर करणे, अशी तयारी करता येते. हा कल जितका विश्वासार्ह, तितकी ही तयारी उपयोगी. तो विश्वासार्ह होण्यासाठी समुद्रातील मापे अचूक आणि अखंड असावी लागतात. जहाजाच्या सफरी खर्चिक असतात आणि त्यांचे फळ लगेच दिसत नाही. पण एखाद्या वर्षी राहून गेलेले माप नंतर कितीही खर्च केला तरी घेता येत नाही.