आपत्तीत नियमांना सूट, पण ड्रायव्हरच्या झोपेचे काय?

पूर आला किंवा भूकंप झाला की आपल्या वस्त्यांतून, विहारांतून मदत गोळा होते. धान्य, चादरी, औषधे ट्रकमध्ये भरली जातात, फोटो निघतो आणि गाडी रवाना होते. त्या फोटोत ड्रायव्हर क्वचितच असतो. तो किती तास जागा आहे, हेही कुणी विचारत नाही. अशा वेळी त्याच्या कामाच्या तासांचे नियम शिथिल करण्याची सोय कायद्यातच आहे. ही सूट काय असते आणि तिला मर्यादा का हवी, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

आपला कायदा काय सांगत होता?

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार ड्रायव्हरचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होते. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीला मंजुरी घेऊन ते १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग ५ तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती द्यावी लागत असे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ९१ हेच तास मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरना लागू करत होते.

मात्र वाहतूक खोळंबली किंवा नैसर्गिक आपत्ती आली तर १९६१ च्या कायद्याचे कलम १३ ही १० तासांची मर्यादाही उठवत असे. ९ तासांच्या विश्रांतीची हमीही तेव्हा राहत नसे. कमाल किती तास, हे कायदा स्वतः सांगत नव्हता. ते नियमांवर सोडले होते. सणासुदीच्या जादा कामाला दुप्पट मजुरी कायद्यातच लिहिली होती, पण आपत्तीतल्या जादा कामाचा दर पुन्हा नियमांवर सोडला होता. म्हणजे काम सर्वांत जोखमीचे असते तेव्हाच संरक्षण सर्वांत पातळ होते. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेतला गेला, तरी हा प्रश्न जुना झालेला नाही.

सूट का लागते?

ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. अशा वेळी औषधांची गाडी घड्याळ बघून रस्त्यात उभी करा, असे कुणी म्हणणार नाही. सूट हवीच. पण सरकारला नियम शिथिल करता येतो, शरीराची झोपेची गरज शिथिल करता येत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे संशोधन सांगते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. आपत्तीत थेट मदत नेणाऱ्यांना यातून सूट मिळते. नेहमीचा माल भरला की सूट संपते. ड्रायव्हरचा परवाना आणि दारू-अमली पदार्थांची तपासणी यांचे नियम मात्र कायम राहतात. कोविडच्या काळात मार्च २०२० मध्ये दिलेली देशव्यापी सूट वारंवार वाढवत ऑक्टोबर २०२२ पर्यंत चालली. पुढे २०२३ मध्ये तिथे नियम बदलले. एखाद्या राज्याच्या गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली तर आपोआप मिळणारी सूट ३० दिवसांवरून १४ दिवसांवर आली आणि ती मुख्यतः तासांच्या मर्यादेपुरतीच ठेवली गेली. सूट द्यायची, पण मुदत आणि हेतू ठरवून, हा त्यातला धडा.

हा आपलाही प्रश्न आहे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले. कामाचे तास हा मालकाच्या दयेचा विषय नसून कामगाराचा हक्क आहे, ही भूमिका आपण अभिमानाने सांगतो. मग आपणच पाठवलेल्या ट्रकचा ड्रायव्हर त्या हक्काबाहेर कसा राहील?

म्हणून मदत पाठवताना एवढे पाळू या:

- लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर ठेवा आणि दुसऱ्याची मजुरी मदतनिधीतूनच द्या.
- निघण्याआधी तो शेवटचा कधी झोपला होता, ते विचारा.
- जादा तासांचे पैसे आधी ठरवा. ‘समाजकार्य आहे’ म्हणून मजुरी कापू नका.
- ‘मला झोप हवी’ असे तो म्हणाला तर गाडी थांबली पाहिजे. उशीर झाला म्हणून त्याचे भाडे अडवू नका.
- परतीच्या प्रवासाआधी त्याला पूर्ण विश्रांती द्या. माल उतरला की घाई संपलेली असते.

शासनाकडेही मागणी करू या: सूट देताना तिची मुदत, कमाल तास आणि जादा मजुरीचा दर त्याच आदेशात लिहावा. पूरग्रस्ताला वाचवायला निघालेला कामगार रस्त्यात मरू नये, ही जबाबदारी मदत पाठवणाऱ्या प्रत्येकाची आहे.