सुभद्रेच्या झोपेचा दोष नाही

“जास्त विचार नोको करू व माय, लेकरावर परिनाम होते.” तिवस्याकडच्या पोटुशी सुनेला हे वाक्य नऊ महिने ऐकावं लागतं. सांगणारीला माया असते, पण ऐकणारीच्या डोक्याला नवा घोर लागतो: माझ्या काळजीनंच बाळाचं वाईट होईल. गरोदरपणातल्या गैरसमजांत हा सगळ्यात जाचक. प्रसूतीची धास्ती, पैशाची चिंता, घरातलं भांडण, एखाद्या रात्रीचं रडणं, यानं बाळाचं नुकसान होत नाही. आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या, उपचाराविना राहिलेल्या तीव्र चिंतेचा संबंध मात्र वेळेआधीच्या प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. म्हणून तिच्यावर इलाज करायचा. बाईला दटावायचं नाही.

गर्भसंस्काराचा विषय निघाला की अभिमन्यू येतोच. सुभद्रेला डुलकी लागली म्हणून चक्रव्यूहातून बाहेर पडायचं शिकणं राहिलं, असं सांगतात. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः सांगतो ते वेगळं आहे: व्यूह फोडायचं वडिलांनी शिकवलं, बाहेर पडायचं नाही. पोटात ऐकल्याची कथा नंतरच्या परंपरेतून रूढ झाली आणि पोराच्या मरणाचा ठपका आईच्या झोपेवर आला. दमलेल्या गरोदर बाईनं खुशाल झोपावं.

बाळ ऐकतं, हे खरं. साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. अमेरिकेत 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई. बाळांनी ती लय धरली. 1986च्या प्रयोगात आयांनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट मोठ्यानं वाचली होती आणि जन्मानंतर बाळांनी तीच पसंत केली. म्हणजे ओळख पटते ती आवाजाची आणि लयीची. शब्दांचा अर्थ त्यातून शिकला जातो, असं यातून निघत नाही. पोटावर हेडफोन लावायची गरजच नाही, कारण आईचं बोलणं तिच्या शरीरातूनच आत पोचतं.

मग भजन-प्रार्थना वाया जाते का? मुळीच नाही. तिवसा तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थनेची रीत या भागात रुजवली. कुणी त्या प्रार्थनेला बसते, कुणी त्रिशरण-पंचशील म्हणते, कुणी सूरह मरियम पढते. दहा मिनिटं एका जागी बसणं, श्वास संथ होणं, शेजारच्या बायांत मिसळणं, आपल्या आवाजात बाळाशी बोलणं, हे सगळं आईच्या कामाचं आहे. गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत चरकसंहिता मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान देते. नेम चुकला तर शाप लागतो, असं सांगणारा माणूस नेमकी तीच प्रसन्नता हिरावून घेतो. आणि संस्काराच्या नावाखाली कुणी मुलगाच होईल म्हणालं, तर तिथून उठून यावं. लिंग गर्भधारणेच्या क्षणी पित्याच्या शुक्राणूवरून ठरतं. लिंगनिवडीला 1994च्या कायद्यानं बंदी आहे.

डोहाळजेवणात फुलांनी सजून बसलेल्या बाईला आतून काहीच वाटत नसेल, तर ती वाईट आई ठरत नाही. हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवू लागते. कित्येकींची माया त्यानंतर जडते, काहींची तर बाळ कुशीत आल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या सुमारे 10 टक्के गरोदर बायांना मानसिक आजार होतो, विकसनशील देशांत 15.6 टक्के. झोप उडणं, छातीत सतत धडधडणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवडे चाललं, तर आशाताईला किंवा डॉक्टरला सांगावं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथंही हे बोलता येतं. गरोदरपणात मनाच्या गोळ्या चालतच नाहीत, हाही गैरसमज. काही औषधं टाळावी लागतात, काही डॉक्टर विचार करून देतात. चालू गोळी आपल्या मनानं बंद करणं धोक्याचं. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच घरच्या माणसाला सोबत घेऊन दवाखाना गाठावा.