ऑपरेशन नागपुरात, खबरदारी घरी: मुलांच्या लघवीच्या नळीची काळजी कशी घ्याल?

रामदासपेठ आणि शेजारच्या धंतोलीत रुग्णालयांची दाटी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाटहूनही पालक मुलांना घेऊन इथे येतात. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होते, काही दिवसांत सुट्टी मिळते आणि अनेकदा बाळ नळीसकट गावी निघते. गडचिरोली इथून सुमारे १७० किलोमीटर. तिथे ड्रेसिंग पाहायला परिचारिका नसते, आई-आजीच असतात. संसर्ग टाळणे बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती असते.

नळी कशासाठी?

मुलग्यांमधील नेहमीची शस्त्रक्रिया हायपोस्पाडियासची. यात लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असते. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात हा जन्मजात दोष आढळतो. नवा मार्ग भरून येईपर्यंत आत बारीक नळी ठेवतात, बहुधा ५ ते १४ दिवस. तान्ह्या बाळाला एकावर एक दोन डायपर बांधतात. आतल्याला समोर छिद्र पाडून नळी बाहेरच्या डायपरमध्ये सोडतात. शी आतल्यात, लघवी बाहेरच्यात. जखम शीपासून लांब राहते. शी होताच आतला डायपर बदलायचा, आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

मोठ्या मुलाच्या नळीला पिशवी असते. ती कायम पोटाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एसटीत नेमकी चूक होते: पिशवी सीटवर किंवा मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी मूत्राशयाकडे जाऊ शकते. नळी दुमडलेली नाही ना, हेही वाटेत पाहावे.

जखमेवर हळद, खोबरेल तेल, पावडर काहीही नको. डॉक्टरांनी दिलेले मलम पुरे. आणखी एक गोष्ट सहसा सुचत नाही. बाळाला कडेवर घेतले की पाय फाकतात आणि टाक्यांवर दाब येतो. त्याला हातांवर आडवे घ्यावे. तीनचाकी सायकल, घोडा, वॉकर डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

पोट साफ, पाणी भरपूर

बद्धकोष्ठता हा दुर्लक्षित शत्रू. भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते, मूल कुंथते, नळीच्या कडेने लघवी झिरपते. लघवी साचून राहिली की जंतूंना वाव मिळतो. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पाण्याचा हिशेब अधिक कडक ठेवावा. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र वरचे पाणी नको, अंगावरचे दूध वारंवार द्यावे.

पहिले काही दिवस लघवी गुलाबी दिसली, मूल अधूनमधून पाय पोटाशी घेऊन रडले, तर ते मूत्राशयाच्या कळांमुळे असू शकते. त्यावर औषध मिळते. पण १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, थंडी, उलट्या, पू, रक्ताच्या गाठी, किंवा तीन-चार तास नळीतून थेंबही नाही, असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये. नळी निसटली तर घरी पुन्हा आत घालू नये.

गावच्या दवाखान्यात गेल्यास डिस्चार्ज कार्ड दाखवावे. शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यावा, पण पिशवीत साचलेल्या लघवीचा नव्हे. घरात उरलेले अँटिबायोटिक देणे तर सरळ चूक. त्याने सगळे जंतू मरतीलच असे नाही, तपासणीत मात्र ते लपू शकतात.

विसरलेला स्टेंट

मूत्रपिंडातून निघणाऱ्या नळीचा अडथळा दूर केल्यावर आत डीजे स्टेंट ठेवतात. तो बाहेरून दिसत नाही, अनेक मुलांना दुखतही नाही. म्हणून विसरला जातो. सहसा ४ ते ६ आठवड्यांत तो काढायचा असतो. राहिलाच तर त्यावर क्षार साचतात, संसर्ग होतो, आणि काढायला मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. सुट्टीच्या वेळीच ‘आत स्टेंट आहे का, कधी काढायचा’ हे विचारून तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि घरच्या कालनिर्णयवर गोल करावा. लहान मुलांना तो काढतानाही बहुधा थोडा वेळ भूल द्यावी लागते, म्हणून किती तास उपाशी आणायचे हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.