गुण्यांचा प्रयोग

दीर्घ श्वास घेतला की रक्तात जास्त ऑक्सिजन जातो, हे आपल्याकडे गोंदियापासून गोव्यापर्यंत सगळे योगवर्ग सांगतात. गोंदियात 2016 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं पहिल्या वर्षाचं पोर मात्र फिजिऑलॉजीत वेगळंच शिकतं. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन नुसतं बसल्या जागीही 97-98 टक्के भरलेलंच असतं. आणखी भरणार कुठे?

हा सवाल लोणावळ्यात नव्वदएक वर्षांपूर्वीच उपकरणांसमोर गेला होता, आणि नेणारा माणूस डॉक्टर नव्हता. जगन्नाथ गणेश गुणे (जन्म 1883) मूळचे संस्कृतचे. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, अमळनेरच्या राष्ट्रीय कॉलेजात शिकवलं, तिथेच प्राचार्य झाले. नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. पुढे लोक त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणू लागले.

त्यांचा नौलीचा, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या योगक्रियेचा, प्रयोग आजही वाचावा असा. साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी, तिचं दुसरं टोक दाबमापकाला. नौली सुरू होताच पारा वातावरणाच्या दाबाखाली उतरला. बस्तीत, म्हणजे योगातल्या एनिमात, पाणी आपोआप वर कसं ओढलं जातं, याचा उलगडा त्यात झाला. या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्युम. श्रद्धा आणि पारा एकाच टेबलावर!

प्राणायामाच्या बाबतीत त्यांनी अनुयायांची निराशाच केली. ऑक्सिजनचा लाभ गौण, खरं काम दाबातल्या बदलांचं आणि मज्जासंस्थेचं, असं त्यांनी लिहिलं. पहिला भाग मोजलेला होता. दुसरा, माझ्या मते, त्या काळच्या साधनांच्या पुढे धावलेला अंदाज होता. मेंदूचे तरंग टिपायची सोय तेव्हा त्यांच्यापाशी कुठे होती?

ती सोय 1957 साली अमेरिकेतले संशोधक वेंगर आणि बागची घेऊन आले. लोणावळ्यातही चाचण्या झाल्या. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांची नाडी लागेना, पण ईसीजीवर ठोके चालूच. श्वास रोखून छातीतला दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागत नाही, एवढाच तो चमत्कार. 1961 साली दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानातल्या योग्यांच्या मेंदूतरंगांचे आलेख (ईईजी) छापले.

गुणे 18 एप्रिल 1966 रोजी गेले. आपल्याच विषयातला लाडका समज मोजून खोडून काढणारे शिक्षक आजही विरळाच.